पैलवान गेला स्टँडसकट

१. प्रश्न

"सर, बारावीनंतर नेमकी कुठली लाइन घेतली की माणसाचं असं होतं?"

गंधाली परबने उभं राहून, हात मागे बांधून, आवाजात साखर घोळवून हा प्रश्न विचारला आणि मान वळवली ती पाहुण्यांच्या खांद्याशेजारी लटकणाऱ्या सापळ्याकडे.

बायोलॉजी लॅबमध्ये मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि बांधच फुटला. बाकं हलली, कुणाची बाटली गडगडत फळ्यापर्यंत गेली.

करिअर मार्गदर्शनाला आलेल्या पाहुण्यांनी पडद्यावर दोन जाडजूड बाण दाखवले होते. एक इंजिनिअरिंगकडे जाणारा, एक मेडिकलकडे. तिसरा बाण काडीएवढा होता आणि त्याच्या टोकाला लिहिलं होतं 'इतर'. बराच वेळ ते पहिल्या दोन बाणांवरूनच ये-जा करत होते. आता मात्र ते मध्येच थांबले, रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "अशाच मुली पुढे 'इतर'मध्ये जातात."

खरं तर प्रश्न गंधालीच्या डोक्यातला नव्हताच. तिची मैत्रीण प्रांजल आणि तिची टोळी सकाळपासून मागे लागली होती. "विचारून दाखव ना! फाटली काय?" गंधालीला असं म्हणायची सोय नव्हती. अकरावीपर्यंत हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानाही बाकाखाली बघणारी ही मुलगी गेल्या वर्षभरात अशी काही फुलली होती, की तिच्या आईला वाटायचं, हिला कुणी बदलून तर नाही दिलं?

लेक्चर लॅबमध्ये होतं, कारण मुलुंडच्या त्या कॉलेजचा एकुलता एक हॉल शनिवारच्या करिअर मेळाव्यासाठी स्टॉल आणि बॅनरनी भरला होता. सापळा होता प्लॅस्टिकचा, माणसाच्या उंचीचा. कवटीतल्या कडीने लोखंडी स्टँडच्या हुकाला टांगलेला. मुलं त्याला पैलवान म्हणत.

तास संपला तेव्हा उपप्राचार्या प्रेमा मॅडम दारात उभ्या होत्या. गंधालीकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या बघते तुला."

उद्या उजाडलं आणि पैलवान गायब.

२. दाखला

"मॅडम, स्टँडसकट गेला हो!" लॅब असिस्टंट खंडूकाकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "काल संध्याकाळी मीच कुलूप लावलं. सकाळी उघडतो तर कोपरा रिकामा!"

मॅडमच्या केबिनमध्ये गंधाली खुर्चीच्या मागे उभी होती. बस म्हणायला कुणी तयार नव्हतं.

"कुठे ठेवलास?" मॅडमनी विचारलं.

"मी? मॅडम, मी फक्त प्रश्न विचारला. त्याला घरी न्यायला तो काय माझा मावसभाऊ आहे?"

"हीच ती जीभ. काल पाहुण्यांसमोर थट्टा, आज ही दुसरी. पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल आहे, बाहेरून परीक्षक येणार. सोमवारी आई-बाबांना घेऊन यायचं. तोपर्यंत सापळा जसाच्या तसा परत आला नाही, तर वर्तणुकीच्या दाखल्यावर मी सही करणार नाही. शनिवारच्या मेळाव्यातही पाऊल टाकायचं नाही."

वर्तणुकीचा दाखला! गंधालीची पाचावर धारण बसली. बारावीनंतर कुठेही जा, मोठ्या कॉलेजात जा की कोपऱ्यातल्या इन्स्टिट्यूटमध्ये, त्या सहीशिवाय दार उघडत नाही, असं वर्गात सगळ्यांच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. आणि बाबांनी तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या कॉलेजांची नावं फ्रिजवर चिकटवून ठेवली होती.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" बाहेर येताच प्रांजल उसळली. "सॉरी यार, माझ्यामुळे वाट लागली तुझी. चल, मी जाऊन सांगते मॅडमना, प्रश्न आम्ही विचारायला लावला."

"त्याने पैलवान परत येणार आहे का? खरा चोर शोधायला लागेल. चल."

लॅबमध्ये खंडूकाका डोक्याला हात लावून बसले होते. किल्ली स्टाफरूमच्या बाहेर खिळ्यावर असते, ती कुणीही काढू शकतं, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. "माझी नोकरी जाणार गं बाय. रिटायर व्हायच्या तोंडावर हा डाग."

"तुमच्यावर कुणी संशय नाही घेत, काका. सगळ्यांनी माझ्यावरच घेतलाय."

गंधाली कोपऱ्यात उकिडवी बसली. स्टँडच्या गोल बैठकीखालची फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ राहिली होती. तिच्या कडेला तांबूस गंजाचे पापुद्रे सांडले होते. आणि टेबलाखाली, भिंतीलगत, एक चिमुकली स्प्रिंग.

"ही तर जबड्याची," खंडूकाका म्हणाले. "हिच्यावरच तोंड उघडतं-मिटतं त्याचं."

गंधालीने स्प्रिंग तळहातावर घेतली. "काका, पैलवानाला स्टँडवरून उतरवायला किती वेळ लागतो?"

"वेळ कसला? कडी हुकातून काढली की आला हातात. हलका आहे तो. जड आहे ते स्टँड. मेलं उचलताना कंबर धरते माझी."

"मग," गंधाली सावकाश उठली, "ज्याला सापळा हवा होता, त्याने ते धूड सोबत कशाला नेलं?"

प्रांजलने आ वासला. खंडूकाकांनी कोपऱ्याकडे असं पाहिलं, जणू तो त्यांना आजच दिसला.

३. हाताचा विळखा

सापळा हवा असणारा माणूस कॉलेजात एकच होता. सिद्धेश. त्याला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं, आणि प्रवेशासाठी हाडांची रेखाटनं करायला पैलवान दोन दिवस घरी द्या, म्हणून तो महिनाभर खंडूकाकांच्या मागे लागला होता.

"मी नेला?" कॅन्टीनमध्ये तो समोसा तोंडात धरूनच ओरडला. "अगं, आमच्या कांजूरच्या खोलीत माणसं उभी राहतात तीच एकमेकांना चिकटून. त्यात हा पाहुणा? आमची आजी त्याला बघून आटपेलच!"

"पण तुला हवा होता ना?"

"हवा होता. मग काकांनी जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्येच बसून काढायला दिलं." त्याने वही उघडली. बरगड्या, पाठीचा कणा, हाताची बोटं. एक चित्र तर इतकं सुरेख होतं की गंधाली तपास विसरून बघत राहिली. "माझं काम कधीच झालंय. तू त्या निधीला विचार. काल सगळे गेल्यावर ती एकटी हाडं पाठ करत बसली होती."

"निधी? ती कशाला चोरेल? ती टॉपर आहे."

"टॉपर आहे म्हणून काय साधू झाली? रोज बघतो मी तिला. नीटचा क्लास घाटकोपरला आणि बाई उतरतात कांजूरला. विचारलं तर म्हणते मामाकडे जेवायला. रोज कोण जेवतं गं मामाकडे?"

निधी ग्रंथालयाच्या टोकाला, खिडकीकडे पाठ करून बसली होती. डोळ्यांवर काळा गॉगल. पुस्तक उघडं होतं, पण पान उलटत नव्हतं.

"लांब बस हं," तिने आधीच सांगितलं. "डोळे आलेत माझे."

गंधाली एक बाक सोडून बसली. "मग घरी नाही का राहायचं?"

"पप्पा म्हणाले, आता एक दिवस पण बुडवायचा नाही." गॉगलखालून पाणी गालावर ओघळलं, तसं तिने ओढणीने टिपलं. त्या आकाशी ओढणीवर बारीक बारीक भोकं होती, उदबत्ती टेकल्यासारखी. गळ्याजवळ कॉलरच्या तोंडाएवढी कातडी लाल झाली होती. समोर डबा उघडा होता आणि त्यात कच्च्या बटाट्याच्या चकत्या.

"हे खातेस तू?"

"डोळ्यांवर ठेवायला आहेत. मामानं... कुणीतरी सांगितलं." निधीने झाकण लावलं. "काल मी लवकर गेले. मला काही माहीत नाही गंधाली. खरंच नाही."

तिचा आवाज इतका रडवेला होता की गंधालीलाच अपराधी वाटलं. बिचाऱ्या टॉपरला अभ्यासाने रडवलंय, असं म्हणत ती उठली.

शुक्रवारी दुपारी मात्र तिच्या डोक्यात एक सरळ गोष्ट आली. सापळा घेऊन गेटवरून कुणी जाऊच शकत नव्हतं. वॉचमन साधी छत्रीसुद्धा उघडून बघतो. म्हणजे पैलवान आतच आहे. मग कॉलेजात असं काय आहे, जे आता वर्षभर कुणी उघडणार नाही?

"गॅदरिंगच्या नाटकाचं कपाट!" प्रांजल चित्कारली.

कपाट लॅबच्या पलीकडच्याच खोलीत होतं. प्रांजल बाहेर पहाऱ्याला उभी राहिली. गंधालीने कडी काढली. आत नऊवाऱ्या, फेटे, जरीचे शेले एकमेकांच्या अंगावर पडलेले. तिने राजाचा मखमली झगा बाजूला सारला, आणि चादरीतून सुटलेला एक पांढरा हात तिच्या खांद्यावर पडला.

ती किंचाळली. मागे हटली तसा पैलवान आपल्या सगळ्या वजनानिशी तिच्या गळ्यात आला, चष्मा उडून फरशीवर आपटला आणि दोघं मिळून झग्यांच्या ढिगात कोसळली.

"वा!" दारातून आवाज आला. प्रेमा मॅडम. त्यांच्यामागे प्रांजल हातवारे करून सॉरी म्हणत होती. "जिथे ठेवला तिथूनच काढलास ना? आणि याचा जबडा कुठे आहे? स्टँड कुठे आहे?"

पैलवानाचा सुटा जबडा गंधालीच्या मांडीवर पडला होता.

४. चेतनाताईंचा टॉर्च

चष्म्याची दांडी तुटली होती, म्हणून संध्याकाळी आईने तिला स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानात नेलं. आई वाटभर एक अक्षर बोलली नाही. तिचं न बोलणं हे बाबांच्या ओरडण्यापेक्षा वाईट असतं.

दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत चेतनाताई डोळे तपासायच्या. गंधालीची ही आवडती जागा होती. अकरावीत आईने तिला पहिल्यांदा इथे आणलं, तेव्हा चेतनाताईंनी एकामागून एक भिंगं घालत विचारलं होतं, "आता दिसतंय?" आणि बाहेर आल्यावर रस्त्यापलीकडच्या गुलमोहराला पानं असतात, वेगवेगळी, मोजता येतील अशी, हे तिला कळलं होतं. तोवर तिला वाटायचं, फळा सगळ्यांनाच धूसर दिसतो आणि बाकीची मुलं हुशार म्हणून त्यांना वाचता येतो.

"दांडी बदलते. नंबर पण बघूया," चेतनाताई टॉर्च लावून म्हणाल्या. "वर बघ. डोळे लाल नाहीत ना झाले?"

"नाही. पण ताई, वर्गातल्या एका मुलीचे डोळे आलेत. मी तिच्याजवळ बसले होते. मला होईल?"

"कधी आले?"

"काल सकाळी नुसते लालभडक. पाणी वाहत होतं. आज..." गंधाली थबकली. आज निधी प्रार्थनेला गॉगल न लावता उभी होती. "आज जवळजवळ बरे आहेत."

चेतनाताईंनी टॉर्च खाली घेतला. "डोळे आले की आठवडा काढतात बाळा. एक आधी येतो, मग दुसरा. सकाळी पापण्या चिकटतात. तिचं चिकट होत होतं?"

"नाही. नुसतं पाणी. दोन्ही डोळ्यांना एकदम."

"आणि उजेड सहन होत नव्हता."

"ती खिडकीकडे पाठ करून बसली होती! ताई, आणि ती डोळ्यांवर कच्चा बटाटा ठेवत होती."

चेतनाताई हसल्या. "बटाटा! मग मला बघायलाच नको. कुणीतरी वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी बघितलाय. आपल्याकडे ग्रिलवाल्यांच्या गाळ्यांतली पोरं येतात ना, सगळी बटाटा लावून येतात. त्या वेळी काही जाणवत नाही, रात्री झोपेत डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं. एक-दोन दिवसांत उतरतं. पण पुन्हापुन्हा झालं तर वाईट. तिला सांग, बटाटा भाजीत घाल आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा."

गंधाली मनात एकेक तुकडा जोडत गेली. ओढणीवरची भोकं म्हणजे ठिणग्या. गळ्याची लाल कातडी. रोजचं कांजूर. आणि गंज, ताजा मोडलेला, स्टँडच्या सांध्यातून सांडलेला.

"ताई," जाताना तिने विचारलं, "हे सगळं तुम्हाला कुठे शिकवलं? तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही गं. ऑप्टोमेट्री. बारावीनंतर चार वर्षांचा कोर्स. नजर तपासायची, नेमकं काय बिघडलंय ते ओळखायचं, माझ्या हातचं नसेल तर डॉक्टरांकडे पाठवायचं." त्यांनी चष्मा पुसून तिच्या नाकावर बसवला. "दिसतंय?"

"स्वच्छ दिसतंय," गंधाली म्हणाली.

५. गाळा

शनिवारी सगळं कॉलेज मेळाव्यात होतं. गंधालीला बंदी होती, तेव्हा ती आणि प्रांजल सिद्धेशने तिथल्या ग्रिलवाल्यांत चौकशी करून दिलेल्या पत्त्यावर कांजूरमार्गला गेल्या. गाळ्याबाहेर खिडक्यांच्या जाळ्या टेकवून ठेवल्या होत्या. आतून निळा उजेड थडथडत होता.

"बघू नकोस!" गंधालीने प्रांजलच्या डोळ्यांवर हात ठेवला.

उजेड विझला. काळ्या काचेचं शिरस्त्राण वर झालं आणि आतून निधीचा घामेजला चेहरा बाहेर आला. तिच्यासमोर पैलवानाचं स्टँड आडवं पडलं होतं.

मग आतून तिचा मामा नितेश चहाचे ग्लास घेऊन आला, तिघींकडे बघितलं आणि म्हणाला, "आल्या का मैत्रिणी? मी सांगत होतो हिला, एक दिवस कुणीतरी येणार. घ्या, चहा घ्या आधी."

निधी लोखंडाच्या रॅकवर टेकली. "बुधवारी काकांनी कुलूप लावल्यावर मी खिळ्यावरची किल्ली काढून आत बसले होते. स्टँड उजेडाकडे ढकलायला गेले. बैठकीचा सांधा मोडला. आधीच कुजलेला होता गं. पैलवान धाडकन खाली, जबडा सुटला. मला वाटलं, आत्ता इथेच मरते मी. मग वाटलं, हे तर मला जोडता येतं."

"म्हणून त्याला कपाटात कोंबलंस आणि स्टँड घेऊन आलीस."

"गेटवर सगळेच बॅनरचे पाइप घेऊन ये-जा करत होते. कुणी विचारलं पण नाही. मामा माल पोचवायला गेला होता. काळी काच लावायला हवी होती, पण मला वाटलं एकच तर टाका आहे, पटकन मारते."

"आणि रात्री फोनवर बोंबलत होती," मामा म्हणाला. "वर तो टाका असला कच्चा, की मी हाताने उपटला. म्हटलं, आता डोळे बरे झाल्याशिवाय हात लावायचा नाय."

"क्लासला जातच नाहीस तू?" प्रांजलने विचारलं.

"आधी जायचे. मग आठवड्यातून एकदा दांडी. मग..." निधीने स्टँडवरून हात फिरवला. "तो निळा आर्क पेटला ना, की लोखंड पाण्यासारखं हलतं. ते कुठे वळवायचं ते आपल्या मनगटात असतं. मला असं कशातच होत नाही, गंधाली. मार्क पडतात, पण असं होत नाही. आणि पप्पांनी औषधाच्या दुकानात उभं राहून आयुष्य काढलंय. येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, आमच्या घरातली पहिली डॉक्टर माझी निधी. आमच्या गावातून शिकायला बाहेर पडलेला पहिला माणूस म्हणजे माझे आजोबा. मी काय तोंडाने सांगू, मला लोखंड जोडायचंय?"

गंधालीला तिचा राग आला होता, अजूनही होता. "आणि माझा दाखला?"

निधी रडायला लागली. "सोमवारी स्टँड गुपचूप ठेवते. परीक्षा होऊ दे, मग मी स्वतः सांगते. प्लीज माझं नाव नको घेऊस."

"तोपर्यंत चोर मीच राहू?"

निधीने ओढणीने डोळे पुसले. बाहेर मालगाडी धडधडत गेली.

"नाव नाही घेणार," गंधाली शेवटी म्हणाली. "पण खोटं पण नाही बोलणार. पुढचं तू बघ."

परत जाताना प्रांजलने तिला कोपर मारलं. "येडी आहेस का? एक नाव, आणि तू सुटतेस!"

"माहितीये."

"मग?"

"तिचे डोळे बघितलेस ना तू? मला नाही जमणार यार."

६. केबिन

सोमवारी प्रेमा मॅडमच्या टेबलासमोर तीन खुर्च्या होत्या. आई, बाबा आणि मधे गंधाली. खंडूकाका दाराशी उभे.

"बोला," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मला आधी एक दाखवायचंय." गंधालीने ती चिमुकली स्प्रिंग टेबलावर ठेवली. "ही लॅबमध्ये टेबलाखाली मिळाली, गुरुवारी सकाळी. म्हणजे जबडा कपाटात नाही निखळला. तो लॅबमध्येच पडून निखळला. आणि पैलवान... सापळा पडला, कारण स्टँड मोडलं. फरशीवर गंजाचे पापुद्रे होते. काकांना विचारा."

"होते मॅडम," खंडूकाका घाईने म्हणाले. "मीच झाडले."

"आपण सगळे सापळा कुणी नेला तेच विचारत होतो. पण नेलं ते स्टँड. सापळा तर लॅबबाहेर पंधरा पावलंसुद्धा गेला नाही. ज्याला थट्टा करायची असते तो सापळा गेटवर बसवतो, त्याच्या तोंडात बिडी देतो. इथे त्याला चादरीत गुंडाळून, झग्याआड नीट उभा करून ठेवला होता. असं ठेवतं कोण? ज्याला तो परत जागेवर आणायचाय तो. मॅडम, ही चोरी नाहीच. कुणाच्या तरी हातून मोडलं, आणि ते दुरुस्त करायला नेलं."

"दुरुस्त करायला? कॉलेजला न सांगता?"

"सांगायची भीती वाटली असेल. तुमची वाटते, मॅडम. मला पण वाटते."

बाबांनी कपाळावर हात मारला. मॅडमच्या ओठाचा कोपरा हलला, पण सरळ झाला. "मग नाव सांग, आणि दाखला घेऊन जा. सही आत्ता करते."

पेन उघडं होतं. गंधाली त्याच्या टोकाकडे बघत राहिली.

"सांग गो," बाबा हळूच म्हणाले. "कोणासाठी आपला नुकसान करतंस?"

"नाव मला माहीत आहे. पण ते ज्याचं आहे, त्यानेच सांगायचं. मी माझ्यापुरतं सांगते. मी नेलं नाही, मी मोडलं नाही. पाहुण्यांची थट्टा मात्र मीच केली, त्याबद्दल सॉरी."

"मग मी सही करू शकत नाही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

आईने इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. तिने गंधालीचा हात आपल्या हातात घेतला. "नका करू, मॅडम. माझी मुलगी खोटं बोलत नाहीये, एवढं मला दिसतंय."

दार वाजलं.

आधी लोखंडी स्टँड आत आलं, मग ते खांद्यावर धरलेले एक सडसडीत गृहस्थ, आणि त्यांच्यामागे निधी. तिचे डोळे परत लाल होते, पण या वेळी वेगळ्या कारणाने.

"मी चंद्रप्रकाश. निधीचे वडील." त्यांनी स्टँड जपून खाली ठेवलं. "हे हिच्या हातून मोडलं, मॅडम. काल रात्री हिने सगळं सांगितलं. क्लासचं पण, मामाच्या गाळ्याचं पण."

"मी मोडलं, मीच नेलं," निधी म्हणाली. "गंधालीने परवाच ओळखलं होतं. ती गप्प बसली."

मॅडम निधीकडे वळल्या. "तू? अगं, तुझं नाव आम्ही बोर्डावर लावायचं ठरवलं होतं."

"लावा की," तिचे पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज जड होता. "मॅडम, मला अजून पटलेलं नाही. रात्रभर मी झोपलो नाही. इतकी वर्षं एक चित्र डोळ्यांसमोर ठेवलं होतं. पण पहाटे उठून या दांड्याला दोन्ही हातांनी वाकवून पाहिलं. हलला नाही. मग वाटलं, पोरगी शिकलीय तर खरी. फक्त माझ्यापासून चोरून शिकली. ते दुखलं." त्यांनी निधीच्या डोक्यावर हात ठेवला. "डिप्लोमा काय, आयटीआय काय, कुठे काय शिकवतात ते आम्ही दोघं मिळून विचारणार आहोत. ठरलेलं काही नाही. पण आता हिने बिनकाचेचं काम करायचं नाही, एवढं मात्र ठरलंय."

खंडूकाकांनी पैलवानाला आणलं, स्प्रिंग बसवली आणि कडी हुकात अडकवली. पैलवान झुलला, स्थिर झाला.

"निधी, सुट्टी झाली की माझ्याकडे ये. शिक्षा आहे," मॅडम म्हणाल्या. "लॅबमधले आणखी दोन स्टँड कुजलेत. तुझ्या मामांना घेऊन ये आणि काळी काच विसरू नकोस." मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं. कागदावर सही उमटली. तो गंधालीपुढे सरकवताना त्या म्हणाल्या, "माझी चूक झाली, परब. प्रश्न विचारत जा. पाहुणे पाहून विचारत जा."

गेटबाहेर आल्यावर बाबांनी दाखला दोनदा वाचला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि पिशवी शर्टाच्या आत सरकवली. त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला होता. "सुटलो बाय! आज रात्रीच तुझ्या पुण्याच्या इंजिनिअर दादाला फोन लावू. कम्प्युटरसाठी कुठलं कॉलेज बरं ते तोच सांगेल."

"बाबा, थांबा ना जरा."

"काय झालं? भूक लागली?"

"नाही." गंधालीने चष्मा वर सरकवला, एकदा आईकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, आणि एका दमात बोलून टाकलं.

"दादाला फोन नका लावू. हा दाखला इंजिनिअरिंगला लावायचा नाही. मी ऑप्टोमेट्री करणार आहे. चार वर्षांचं आहे, मुंबईतच शिकवतात, चेतनाताईंनी केलंय तेच. तुम्ही आत्ता नाही म्हणालात तरी चालेल, मी उद्या परत सांगेन. पण मी ठरवलंय."